मधल्या जागेची नोकरी

मी फुटबॉल खेळून पोट भरलं असं सांगितलं की आमच्या रनाळ्यातला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो गोल किती केले हा. मी एक सांगतो आणि विषय बदलतो. तो एक आपल्याच बाजूच्या जाळ्यात गेला होता, हे विचारल्याशिवाय सांगायची गरज मला वाटत नाही.

मी सेंटर हाफ होतो. सेंटर हाफ मैदानाच्या मधोमध उभा असतो असं लोकांना वाटतं. तो उभा राहिला तर त्याला दुसऱ्या दिवशी कामावरून काढतात. समोरच्यांचा चेंडू अडवायचा, तो आपल्या माणसाला द्यायचा, आणि त्यानं घालवला की परत आणायला जायचं, एवढंच ते काम. गोल झाला की लोक गोल करणाऱ्याला खांद्यावर घेतात. तेव्हा मी साधारण खाली वाकून श्वास घेत असायचो, त्यामुळे मला खांद्यावर घ्यायचं कुणाच्या मनात आलं तरी ते जमलं नसतं.

एवढ्यावर मी आधी नंदुरबारच्या एका जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, आणि मग मुंबईच्या एका गिरणीत पगार घेतला. गिरणीच्या हजेरीत मी यंत्रांना तेल घालणारा होतो. तेलाची बुधली मी हातात धरलीच नाही असं नाही, कुणी मोठे पाहुणे गिरणी बघायला आले होते तेव्हा धरली होती. पुढं एका पावसाळ्यात चिखलात माझा गुडघा एका बाजूला गेला आणि मी दुसऱ्या बाजूला. गिरणीनं गुडघा बरा व्हायची बरीच वाट पाहिली आणि मग खरोखरचं तेल घालणारा माणूस नेमला. मी घरी परत आलो. माझी कारकीर्द एवढीच, आणि तीत सांगण्यासारखा दिवस एकच आहे. तो मुंबईतला नाही.

नंदुरबारला मी शाळेसाठी राहिलो आणि चेंडू शिकून बाहेर पडलो. जिनाचे मॅनेजर, ज्यांना सगळे साहेब म्हणत, गोरे नव्हते, पण टोपी गोऱ्यांची घालत आणि फुटबॉलवर त्यांचा फार जीव. कापसाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू व्हायचा आणि होळीच्या सुमाराला उतरायचा. माणसं घेताना साहेब आधी पिंढऱ्या बघत. मला त्यांनी कापूस जोखायच्या काट्यावर नेमलं. काट्यावरच्या जुन्या माणसानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं की काट्याला हात लावलास तर तुझा हात जोखून ठेवीन. म्हणून मी काट्याच्या शेजारी बसायचो, आणि उन्हं कलली की जिनामागच्या मोकळ्या आवारात खेळायला जायचो.

मैदान काळ्या मातीचं. हिवाळ्यात त्याला भेगा पडत आणि चेंडू कुठल्या भेगेवरून कुठं वळेल ते पाहुण्या संघाला कळत नसे. आम्हालाही कळत नसे, पण आम्ही चेहऱ्यावर दाखवत नव्हतो. शिवाय हवेत सदा कापसाची बारीक लव उडायची आणि ओल्या चेंडूला चिकटायची, त्यामुळे हंगामाच्या शेवटी आमचा चेंडू मेंढरासारखा दिसायचा.

आमच्या उजव्या टोकाला खेळणारा गडी तापीपलीकडचा, सातपुड्यातल्या अक्राणीकडचा होता. जिनात कापसाच्या गाठी उचलायला येई आणि होळीला डोंगरात परत जाई. घरी पावरी बोलायचा, आमच्याशी अहिराणी. पण खेळताना त्याला दोन वाक्यं पुरायची. चेंडू देण्याआधी 'दे', आणि दिल्यावर 'उशीर करा', म्हणजे उशीर केलास. मी कितीही लवकर दिला तरी उशीरच झालेला असे. धावायचा मात्र असा की त्याच्या मागं धावणारा थोड्या वेळानं आपण कशासाठी धावतोय ते विसरून चालायला लागायचा.

त्या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. माझा मोठा भाऊ लढाईच्या भरतीत लॉरी चालवायला गेला. तोवर तो लॉरीत बसलाही नव्हता, पण त्याला बैल चांगले हाकता येतात हे त्यानं भरतीवाल्यांना सांगितलं होतं. आणि मुंबईच्या एका गिरणीनं साहेबांना कळवलं की आमचा माणूस खेळगडी बघायला येतोय, पटेल त्याला सोबतच घेऊन जाईल.

भाऊ गेल्यानं घरी काय झालं ते सांगायला हवं. रनाळ्याला आमची विहीर होती, तिच्यावर मोट, आणि मोटेखाली कांदा. मोटेला दोन माणसं लागतात. एक बैलांना पुढं मागं हाकतो, मोटेनं पाणी वर येतं आणि पाटानं वावरात जातं. दुसरा कुदळ घेऊन वावरात उभा राहतो. एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीनं बंद करायचं आणि पुढच्याचं फोडायचं. याला दारं धरणं म्हणतात. घाई केली तर वाफा अर्धा राहतो, उशीर केला तर पाट फुटतो आणि पाणी शेजाऱ्याच्या कांद्याला मिळतं. भाऊ दारं धरायचा, वडील मोट हाकायचे. आईला दम्यानं वावरात उभं राहवत नसे. आता वडील एकटे उरले होते.

त्यांनी एकदा निरोप पाठवला, मी सामन्यानंतर येतो म्हणून कळवलं. दुसऱ्यांदा पाठवला, मी तेच कळवलं. तिसऱ्यांदा ते स्वतः गाडी जुंपून आले, आणि नेमके त्याच दिवशी आले ज्या दिवशी मुंबईचा माणूस बघायला बसणार होता. मी काट्याशेजारी होतो. वडिलांनी बैलगाडी कापसाच्या गाड्यांच्या रांगेत लावली, कारण दुसरी जागा नव्हती, आणि पुढच्या गाडीवाल्यानं त्यांना भाव विचारला.

"सामान गाडीमा टाक," वडील म्हणाले. "घर चाल."

"आज मॅच शे, आबा. मुंबईना मानूस येल शे."

"खेळाले?"

"दखाले. त्याले पटनं तर मुंबईले नोकरी शे."

"काय काम?"

"खेळानं."

 वडील माझ्याशी कधी आवाज चढवून बोलल्याचं मला आठवत नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडायला आवडतं.

"सांजपावत आटोप," ते म्हणाले. "सामान मी भरसू."

आणि त्यांनी खरंच भरलं. मी राहत होतो त्या खोलीतून वळकटी, ट्रंक, पाण्याची घागरसुद्धा. मी मैदानावर उतरलो तेव्हा माझा सगळा संसार कडेला गाडीत होता, आणि गाडीच्या साटीवर वडील पाय सोडून बसले होते. त्यांच्यापासून थोड्या अंतरावर खुर्चीत मुंबईचा माणूस बसला होता, साहेबांनी त्याच्यासाठी गरम भजी मागवली होती. त्या दोघांतला कोण मला घेऊन जाणार ते त्या संध्याकाळी ठरणार होतं. मला मुंबईला जायचं होतं. किती जायचं होतं, हे मी त्या दिवशी कुणालाही सांगितलं नसतं.

समोर रेल्वेचा संघ होता. खांडबारा आणि नवापूरकडच्या स्टेशनांवरचे सांधेवाले, हमाल, एक तार मास्तर. ते पॅसेंजरनं येत आणि परतीच्या गाडीची वेळ झाली की सामना संपे, मग गोल बरोबरीत असोत नाहीतर नसोत. पंचही रेल्वेचाच, मालधक्क्यावरचा कारकून. त्याच्यावर पक्षपाताचा आरोप कुणी केला नाही, कारण त्याला नियम दोन्ही बाजूंचे सारखेच कमी माहीत होते.

खेळ सुरू व्हायच्या आधीच एक भानगड झाली. होळी तोंडावर आली होती. डोंगरातल्या होळीला काही गडी मानता, म्हणजे नवस, घेतात, अंगाला राख फासून, कमरेला घुंगरांचा पट्टा बांधून नाचतात. मानता धरली की ती उतरेपर्यंत खाटेवर बसायचं नाही, पायात काही घालायचं नाही, बाईच्या हातचं खायचं नाही. आमच्या उजव्या टोकाच्या गड्याच्या पाड्यात कमरेचे घुंगरूही मधे सोडायचे नाहीत, असं होतं. एरवी हे दिवस तो आपल्या पाड्यावर काढायचा. पण त्या वर्षी साहेबांनी सामन्याआधी कुणालाच रजा दिली नव्हती, म्हणून त्यानं मानता जिनातल्या गाठींच्या छपरात धरली. आणि आता तो घुंगरांसकट मैदानात उतरला. चालला की देवळात आल्यासारखं वाटत होतं.

रेल्वेच्या कप्तानानं हरकत घेतली. पंचानं दोन्ही कप्तानांना बोलावून विचार केला. घुंगरू घालू नयेत असं नियमांत नव्हतं. घालावेत असंही नव्हतं. शेवटी त्यानं निकाल दिला की घुंगरू चालतील, पण मुद्दाम वाजवायचे नाहीत. आमच्या गड्यानं पळताना मुद्दाम कसे आणि आपोआप कसे ते त्याला विचारलं. पंचानं शिट्टी मारून खेळ सुरू केला.

मध्यंतरापर्यंत घुंगरांचा फायदा रेल्वेलाच झाला. घुंगरू वाजले की त्यांचे दोघे तिकडं धावत, बघायचीसुद्धा गरज नव्हती. मी त्याला चेंडू दिला की तो तिघांत सापडायचा आणि बाहेर आल्यावर मला म्हणायचा, उशीर करा. मी चिडलो. मी लवकर चिडतो, आणि चिडलो की मला चांगलं दिसतं. मला दिसलं की रेल्वेवाले आता त्याला बघतच नाहीत, नुसते ऐकतात.

मध्यंतरात मी त्याला सांगितलं, "आते पळू नको. उभा ऱ्हाय. वाजू देऊ नको."

"चेंडू कवय देशी?"

"देसू तवय देसू."

त्याला हे मुळीच पटलं नाही, पण पुढं तो लाकडासारखा उजव्या रेषेवर उभा राहिला. मी सगळा खेळ डावीकडं नेला. चेंडू डावीकडं द्यायचा, परत घ्यायचा, परत तिकडंच द्यायचा. लोकांना कंटाळा आला. कुणीतरी ओरडलं की हा दुसऱ्या बाजूला जायला घाबरतो. मुंबईचा माणूस भज्यांकडं वळला. रेल्वेवाले एकेक करून डावीकडं सरकत होते. उजवीकडून घुंगरांचा आवाज येत नव्हता, म्हणून तिकडं कुणी नाहीच असं त्यांना वाटायला लागलं होतं. अजून एकजण राहिला होता, तार मास्तर. तो हलेपर्यंत मी चेंडू पायाखाली धरून ठेवला. दोघे माझ्या अंगावर आले तरी धरून ठेवला. मग तार मास्तर हलला, आणि मी न बघता चेंडू उजवीकडं लांब मारला.

मग घुंगरू वाजले. ते आमच्याकडून त्यांच्या गोलापर्यंत वाजत गेले आणि मग सगळं जिन ओरडलं. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, घुंगरांसकट. नवापूरकडच्या गाडीची वेळ झाली होती, पंचानं तिथंच शिट्टी मारली.

मुंबईचा माणूस खुर्चीतून उठून आला. त्यानं घुंगरूवाल्याचा हात हातात घेतला आणि उद्या सकाळच्या गाडीनं चल म्हणाला. आमचा गडी म्हणाला, होळी झाल्यावर येतो. मुंबईचा माणूस म्हणाला, होळी मुंबईतही असते. त्यानं विचारलं, तुमच्या मुंबईत माझी मानता कोण उतरवणार?  मुंबईचा माणूस उद्याच निघणार होता आणि आमचा गडी होळीनंतरच येणार होता. साहेब मधे पडले, काही उपयोग झाला नाही. आमचा गडी आपला पट्टा सावरत छपराकडं निघून गेला.

मग मुंबईचा माणूस आजूबाजूला बघायला लागला. रिकाम्या हातानं गेलं तर गिरणी काय म्हणेल हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्याची नजर माझ्यावर आली.

"तुम्ही कुठं खेळत होता?"

"मधे," मी म्हणालो.

"आज होता?"

"होतो."

साहेबांनी त्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. त्यानं मान हलवली, जशी आपण नको असलेल्या भाजीला हो म्हणताना हलवतो, आणि मला म्हणाला, ठीक आहे, तुम्ही चला. सकाळच्या गाडीला स्टेशनवर या. माझी मुंबईची नेमणूक अशी झाली. मला राग यायला हवा होता, पण मला इतका आनंद झाला की मी त्याला वाकून नमस्कार केला. वाकलेला असतानाच मला गाडी दिसली, आणि गाडीत माझी वळकटी.

मी वडिलांकडं गेलो. बैल जुंपलेले होते. साहेबांकडून बातमी सगळ्या जिनात पसरली होती, म्हणजे ती त्यांनाही कळली असणार. मी काय बोलायचं ते जुळवत होतो. नंतर पैसे पाठवीन, गडी ठेवा, एका वर्षानं परत येतो, असलं काहीतरी. 

"तू दारं धरी ऱ्हायना व्हता," वडील म्हणाले.

मला कळलं नाही. मी काय म्हणून विचारलं.

"इकडना वाफा भरूपावत थांबना. लोके बोंबलनात तरी थांबना. भरना, मंग तिकडनं दार फोडं." ते मैदानाकडं बघत होते, तिथं आता पोरं खेळत होती. "मी बठा टाइम तुलेच दखी ऱ्हायंतू. मले काय दखास नही का?"

 मला रडू येत होतं आणि आजूबाजूला कापसाचे गाडीवाले होते. इतकी वर्षं खेळलो, पुढंही खेळलो, मैदानावर मी नेमकं काय करतो हे मला कुणी तोंडावर सांगितलं ते त्या एकदाच. मुंबईत वर्तमानपत्रात एकदा माझं नाव आलं, तेही जखमी झालेल्यांत.

"आतेपावत मले वाटे, तू खेळस," ते म्हणाले. "तू कामवर शे, हाई मले माहीत नव्हतं."

ते साटीवरून उतरले. गाडीच्या मागं गेले आणि त्यांनी आधी वळकटी काढली, मग ट्रंक. मी पुढं झालो तर त्यांनी मला हातानं थांबवलं.

"खेळता पोऱ्याले घर लई जावानं," ते म्हणाले. "कामवरना मानूसले कसं लई जाऊ?"

"आनि दारं?"

"मी धरसू."

"मोट कोन हाकी?"

"मीच हाकसू."

एका माणसाला दोन्ही करता येत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी मागं राहतो असं म्हणायला तोंड उघडलं असतं तर ते मला घेऊन गेले असते की नाही, सांगता येत नाही. मी तोंड उघडलं नाही. घागर त्यांनी गाडीतच ठेवली, मुंबईला घागर कशाला लागते म्हणाले, आणि बैलांना हाक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुंबईच्या गाडीत बसलो. तो उन्हाळा आणि पावसाळा मी गिरणीकडून खेळलो, आणि चांगला खेळलो असं मला वाटतं, दुसऱ्या कुणाला वाटलं असेल तर त्यानं मला सांगितलं नाही. दिवाळीला रजा मिळाली तेव्हा रनाळ्याला आलो. वडील वाळले होते, पण त्या वयात माणूस वाळतोच असं मी धरून चाललो. वडील अंगणात होते, आई चुलीपाशी.

"बठा उन्हाळा हाके नि पळे," आई हळूच म्हणाली. "बैल उभा करी दे, वावरमा पळे, दार फोडे, परत मोटवर. एक रोज पाट फुटना, हाऊ पळता पळता पडना. निम्मा कांदा वाळना. तुले सांगू नको म्हने."

मी बाहेर गेलो. वडील बैलांच्या पाठीवरून हात फिरवत होते. मी त्यांना कांद्याचं विचारलं.

"अवंदा कांदाले भावच नव्हता," ते म्हणाले. "वाळना ते बरं व्हयनं."

मुंबईत मी आणि आणखी दोन खेळगडी मिळून हातानं रांधायचो, बाजार माझ्याकडं होता. लढाईमुळे सगळंच महागलं होतं, आणि कांदा तर कधी नव्हता इतका. मी वडिलांना म्हणालो, हो, भाव नव्हताच.